तरफ की उत्तोलक?

प्रिय दादा,

तू हे जग सोडून गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी पुष्कळ भांडलो, पण कागद आज पहिल्यांदाच घेतोय. शाळा आत्ताच सुटली आणि तुझ्या, आता मी शिकवतो त्या यंत्रवर्गात एकटाच बसलोय. आज हा वर्ग बंद पडता पडता राहिला. ती वेळ आली तुझ्याच एका शब्दापायी!

तुझ्यामागे आपलं मध्यभारत राज्य संपलं. सगळं मिळून नवा मध्य प्रदेश झाला. कचेऱ्या भोपाळला गेल्या, बाड्याच्या चौकातले ओळखीचे कारकून बिऱ्हाडं बांधून निघाले. आता शाळांची पाळी. कुठला वर्ग ठेवायचा, कुठला मोडायचा, आपलं लेथ यंत्र कुठे न्यायचं, हे ठरवायला आज भोपाळहून साहेब आले होते.

मुलांनी टेबलावर लोखंडी हात मांडला होता, तू अर्धवट टाकून गेलास तोच. कोपर आणि मनगट आम्ही पुरं केलं, सायकलची चेन लावून. तू असतास तर नाचला असतास!

साहेबांनी दहावीच्या रामसेवकला विचारलं, "बताओ, यह हाथ किस तरफ़ घूमेगा?"

पोरगं ताठ उभं राहून म्हणालं, "पहली तरफ़, साहब. टेकू बीच में है."

"मैं दिशा पूछ रहा हूँ!"

"जी साहब. तरफ़ तो पहली ही है."

अरे दादा, ओझं उचलायच्या दांडीला मराठीत तरफ म्हणतात, पण हिंदीत तरफ म्हणजे बाजू, हे तुला कळत नव्हतं? जन्म या लष्कर शहरात, हिंदी माणसांत गेला तुझा! पण तुला आपला तोच शब्द हवा. भिंड-मुरैनाच्या हिंदी पोरांनाही तोच पाजलास. किती वेळा सांगितलं होतं, बदल म्हणून. ऐकशील तर शपथ!

साहेबांचं तोंड लाल झालं. "मास्टरजी, कौन-सी भाषा पढ़ाते हैं आप? अब यहाँ मराठों का राज नहीं है. इसे उत्तोलक कहते हैं."

माझं टाळकंच सणकलं. उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. पण समोर लेथ दिसत होतं, ते उचलून नेलं तर? गिळलं उत्तर.

रामसेवक मात्र शांतपणे म्हणाला, "कहते होंगे, साहब. चलाकर दिखाएँ?"

त्याने दांडी दाबली. हात वाकला, पाण्याने काठोकाठ भरलेला पेला उचलला आणि साहेबांच्या पुढ्यात नेऊन ठेवला. थेंब सांडला नाही. साहेबांनी पेल्याकडे पाहिलं, मग स्वतः दांडी धरून हात मागे-पुढे केला. आणि दादा, ते पाणी ते प्याले!

जाताना म्हणाले, "क्लास रहेगी. होली के बाद फिर आऊँगा. तब तक सारे शब्द बदल दीजिए, वरना मशीनें भोपाल जाएँगी."

मुलं ओरडत घरी गेली. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण आता फार टोचतंय. तुझा वर्ग वाचवायचा तर त्यातून तुझाच आवाज काढून टाकायचा, हा कसला न्याय?

तरी वचन देतो. उद्यापासून मी उत्तोलकच म्हणेन. जीभ अडखळेल, पोरं हसतील, पण होळीनंतर साहेबांना इथे एकही तरफ ऐकू येणार नाही आणि लेथ जागचं हलणार नाही. रागवायचं तर रागाव.

पुढच्या पोरांना तू कोण, तरफ म्हणजे काय, काही ठाऊक नसेल. पण त्यांचे हात चालतील, दादा. एवढं पुरेल ना तुला?

तुझ्याशी अजून भांडणारा,
बाळू