भुसा लागलेली कोरफड

काळाचौकी,
१० डिसेंबर १९८२

ती. सासूबाई यांस लतिकाचा शि. सा. न. वि. वि.

संपाला अकरा महिने होत आले, तरी आमची चूल कशीबशी पेटते आहे. एक वाईट बातमी मात्र लपवत नाही. गावी जाताना तुम्ही माझ्या हवाली केलेली कोरफड आजारी आहे. तिचा डबा गॅलरीच्या टोकाला असतो. भिंतीकडची पानं आधी काचेसारखी झाली, मग पिचपिचीत तपकिरी. मागे रोज सकाळी ओल असते आणि डब्याला लाकडाचा भुसा चिकटलेला. माझा संशय खालच्या रखमावर आहे. मासळी विकणारीचं सकाळी सकाळी आमच्या मजल्यावर काय काम? करणीबिरणी करत असेल.

दुसरं, हे पहाटे चारला बाहेर पडतात. युनियनची मीटिंग म्हणतात. चारला कसली मीटिंग? येतात तेव्हा सदरा ओला. शेजारची मंजुळा काल म्हणाली की हल्ली काही जण लपूनछपून गिरणीत कामावर जातात. माझ्याकडे बघून म्हणाली. तसं असलं तर चाळीत तोंड कसं दाखवू?

माया पातळ होऊ देऊ नये.
आपली सून
लतिका


आचरे,
१८ डिसेंबर १९८२

चि. सौ. लतिका हीस राधाबाईचे अनेक आशीर्वाद.

आधी तुझाच राग आला. तू रोज तांब्याभर पाणी ओतत असणार, तुझा हात मला ठाऊक आहे. पण पत्र पुन्हा वाचलं. जास्त पाण्याने पान पिवळं पडतं. काचेसारखं होतं ते गारठ्याने, आणि मुंबईत एवढा गारठा कुठला? आमच्या बंदरावर मासळीवाल्या दमयंतीने एकदा बर्फाची पाटी कोरफडीला टेकवली होती, तिची अशीच गत झाली. बर्फ भुशात ठेवतात, पोरी.

कुजलेली पानं सुरीने काप. पाणी बंद. उपटून माती झाड आणि दृष्ट लागू नये म्हणून टांगतात तशी दारावर उलटी टांग. आठ-दहा दिवस सुकू दे. मेली असं वाटेल, पण मरायची नाही. मग कोरड्या वाळूत लाव.

रघूला काही विचारू नकोस. बाप गिरणीत साच्यावर कापड विणायचा, हाही साच्यावर. मेलो तरी हमाली करणार नाही, असं माझ्यासमोर बोललाय. तू नुसतं बघ. गिरणीतून येणाऱ्याच्या केसांत कापूस असतो, भुसा नसतो. हमाली केली म्हणून माझा मुलगा लहान होत नाही, पण हे त्याला सांगू कशी?

आहे तो जिव्हाळा वाढव.
राधाबाई


काळाचौकी,
२ जानेवारी १९८३

ती. सासूबाई यांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तांदळाच्या डब्यात लपवलं आणि सांगितलंत तशी कोरफड टांगली. परवा सकाळी पाळत ठेवली. हे आले, ओलं गोणपाट रिकाम्या डब्यामागे ठेवलं. मग रखमा येऊन ते उचलून निघाली. जिन्यात गाठलं तिला. भाऊच्या धक्क्यावर बर्फाच्या लाद्या उचलायचं काम तिच्याच नवऱ्याने ह्यांना लावून दिलंय, आणि तिच्या पाटीसाठी हे रोज तुकडा आणतात. मला कळू नये म्हणून तिला शपथ घातली होती. जिला मी करणी करणारी म्हटलं, तिच्यामुळे आमची चूल पेटते. मला फार लाज वाटली.

घरात हे सदरा काढून उभे होते. केसांत भुसा, उजवा खांदा लालभडक. मी काही विचारलं नाही. कोरफडीचं एक चांगलं पान तोडून सोललं आणि गर खांद्यावर लावला. हिला माझ्यामुळेच झालं का, एवढंच ह्यांनी दारावरच्या कोरफडीकडे बघत विचारलं. मग मी तांदळातून तुमचं पत्र काढून दिलं. दोनदा वाचलं, आणि तोंड धुवायच्या निमित्ताने बराच वेळ नळावर राहिले.

कोरफड काल वाळूत लावली. मधला कोंब टणक आहे. आज ह्यांनी गोणपाट डब्यामागे ठेवलं नाही. मंजुळा समोर केस विंचरत असताना गॅलरीतून रखमाला मोठ्याने हाक मारली, की बर्फ आणलाय, वर येऊन घेऊन जा.

आशीर्वाद दोघांना असावा.
आपली
लतिका