लाल रेघ

केरेककूत,
८ ऑक्टोबर

प्रिय इबोयाताई,

सगळे खुशाल, असं आधी लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. फोन तू उचलत नाहीस, तेव्हा पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे.

आंबट पाण्याच्या झऱ्यावर रविवारी अजून रांग लागते. आजोबांच्या वेळी पाणी मडक्यांतून घोडागाडीने जायचं, आता प्लास्टिकच्या कॅनमधून जातं. नाकाला झिणझिण्या आणायची त्याची खोड काही गेलेली नाही.

जमिनीतून निघणारा जड वायू साचतो त्या खड्ड्यावरही गर्दी असते. सांधेदुखीवाले खाली उतरून कमरेइतक्या वायूत उभे राहतात आणि बाबा काठावरून ओरडतात, "नाक वर! नाक बुडालं की माणूस गेला!" ढगाळ दिवसात वायू आजोबांनी भिंतीवर ओढलेल्या लाल रेघेपर्यंत चढतो. ज्याचा खांदा रेघेच्या वर येत नाही, त्याला बाबा आत सोडत नाहीत. तुला हे मी काय सांगावं! दुखरे गुडघे घेऊन रांगेत उभी होतीस तू, आणि बाबा सगळ्या गावासमोर म्हणाले, "बुटके, तू वरच बस." तो तुझा राग मला कळतो गं.

पण आता ऐक. खड्ड्याला मी कुलूप लावलंय. तेव्हापासून बाबा माझ्या हातचं जेवत नाहीत. "माझ्या बापाच्या खड्ड्याला पोरगी कुलूप घालते? उद्या मलाच कोंडशील!" म्हणतात. शेजारपाजारचेही मलाच बोलतात.

त्यांना मी सांगितलं, खड्ड्यात बाबांचा पाय घसरला, म्हणून कुलूप. ते खोटं आहे.

गुरुवारी आभाळ भरून आलं होतं. बाबा पाय शेकायला एकटेच उतरले. मी वरून पाहिलं तर रेघेच्या वर नुसती टोपी दिसली. मी श्वास रोखून उतरले आणि कोटाला धरून त्यांना ओढत वर आणलं. ओठ निळे पडले होते. शुद्धीवर आल्यावर मलाच म्हणाले, "मी तर ताठ उभा होतो!"

ते खरंच ताठ उभे होते, ताई. पाठच वाकलीय त्यांची. मला भीती वाटते. आज पुन्हा ढग आलेत आणि ते हातोडा शोधतायत.

"बाबा, तुम्ही बुटके झालात," हे माझ्या तोंडून निघत नाही. तू ये. काही बोलू नकोस, भांडूही नकोस. फक्त रेघेपाशी उभी राहा आणि त्यांना शेजारी बोलव. आता तुम्ही दोघं एकाच उंचीचे आहात.

किल्ली गळ्यात बांधून दारात बसलेली,
तुझी रेका