फळ्यावर तुमचं नाव

आबा, सोमवारी मी तुमचं पूर्ण नाव पुन्हा फळ्यावर लिहिलं. आडनावासकट, गावासकट, खाली रेघ मारून. समोर पांढरे कोट घातलेली तिसऱ्या वर्षाची पोरं उभी होती, आणि त्यांना वाटलं हे एखाद्या रोगाचंच नाव असणार. आमच्याकडे रोगांना माणसांची नावं द्यायची रीत आहे. एकीने तर ते वहीत उतरवून घेतलं. मी म्हटलं, घे लिहून, नीट लिही. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. तुमच्या तेराव्याला आपल्या वस्तीतलं, अर्धं नवागाम जेवून गेलं, आणि प्रत्येक जण जाताना मला सांगून गेला की तुझ्या बापाच्या हाताला यश होतं. मी मान हलवत होते. पुढच्याच वर्षी मी वर्गात पहिल्यांदा तुमचं नाव लिहिलं. तुम्ही जिवंत असताना तेवढी हिंमत झाली नव्हती. आता तुमचं कौतुक करणारी माणसं एकेक करून संपत चालली आहेत, आणि माझी पोरं डॉक्टर होऊन दरवर्षी गावोगाव जातायत. तुमचं नाव शेवटी त्यांच्याच तोंडी उरणार आहे.

मी काय शिकवते ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. ओट्यावर बसून लोकांना सांगायचात, पोर मोठ्या दवाखान्यात मालिश शिकवते. तर ऐका. माणसाचा सांधा आणि स्नायू कसा तपासायचा, ते मी शिकवते. आधी विचारायचं, कुठे दुखतंय, हात लावला तर चालेल का. मग नुसतं बघायचं, दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून. मग हाताच्या पाठीने ऊब बघायची, मग बोटांनी हळूहळू चाचपायचं. मग त्याला म्हणायचं, तूच हलवून दाखव. सगळ्यात शेवटी आपण हलवायचं, आणि तेव्हा आपले डोळे सांध्यावर ठेवायचे नाहीत, त्याच्या तोंडावर ठेवायचे, कारण दुखलेलं तिथे आधी दिसतं. तुमचं सगळं ह्याच्या उलट होतं. लूमच्या कारखान्यातून, तुमच्या त्या खात्यातून, सुटून आलात की ओट्यावर हाडं बसवून घेणाऱ्यांची रांग लागलेली असायची. तुम्ही माणसाला गावाकडचं विचारायचात, पाऊस कसा, म्हैस व्याली का, आणि तो उत्तर देत असतानाच त्याचा हात कटकन ओढायचात. तो किंचाळायचा, बघणारे हसायचे, मग तोही हसायचा. तुम्हाला ते हसणं फार आवडायचं.

धाकटा नऊ वर्षांचा होता, मी चौदाची. आई मावशीच्या बाळंतपणाला धुळ्याकडे गेलेली. गल्लीत कापडाचे ताके भरलेला टेम्पो उभा होता, त्याच्यावर पोरं चढली आणि धाकटा वरून पडला. कोपराच्या वर हाड मोडलं होतं. तुम्ही येता. गल्ली गोळा झालेली आहे. तुम्ही त्याला मांडीशी धरता, हात ओढता, लेप थापता, बांबूच्या चार पट्ट्या लावता आणि लूमवरच्या कोऱ्या कापडाची पट्टी गुंडाळता. गाठ बसलेली असते. पण माणसं बघतायत, म्हणून तुम्ही ती आणखी एकदा आवळता. मी ते बघितलंय. गाठ आवळताना तुम्ही पोराकडे बघत नव्हता, लोकांकडे बघत होतात.

संध्याकाळी त्याची बोटं फुगली. मी हात लावला तर थंडगार. मी तुम्हाला म्हटलं, "आबा, याना बोटं थंडा पडी ग्यात." तुम्ही म्हणालात, "हाड बसस तवय दुखसच. तू चहा ठेव." दुसरा दिवसही तो रडत होता. तिसऱ्या दिवशी त्याचं रडणं थांबलं, आणि तुम्ही दारात उभं राहून सगळ्यांना सांगितलंत, "देखा, आराम पडना." त्याला आराम पडला नव्हता, आबा. हातातल्या नसा मरत चालल्या होत्या. आज मी हे एका वाक्यात शिकवते आणि पोरं परीक्षेत एका वाक्यात लिहितात.

चौथ्या दिवशी तुम्ही खात्यात असताना शेजारच्या काकू आल्या. बौद्ध घर, काका रेल्वेत. त्यांनी त्याची काळीनिळी पडलेली बोटं बघितली आणि तशाच घरी जाऊन साडीचे दोरे कापायची कात्री घेऊन आल्या. पट्टी कापली, रिक्षा बोलावली, आम्हाला दोघांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी धाकट्याचं एक बोट जरासं सरळ केलं तर तो इतका ओरडला की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. डॉक्टर गुजरातीत बोलत होते आणि काकू मला समजावत होत्या. हाड मोडल्यानं हात गेला नाही, बांधल्यानं गेला. पहिल्याच दिवशी सोडलं असतं तर वाचला असता. मग डॉक्टरांनी तुम्हाला बोलावणं पाठवलं. तुम्ही आलात, केसांवर कापसाची धूळ तशीच होती. कोपऱ्यात हात मागे बांधून उभे राहिलात आणि म्हणालात, "पोऱ्या पडना तवयच हात गयथा."

तेवढं खोटं मी कदाचित गिळलं असतं. घाबरलेला माणूस खोटं बोलतो, हे मी नंतर वॉर्डात रोज बघितलं. पण तुम्ही घरी येऊन गल्लीला सांगितलंत की हात मी बसवला होता, पट्टी मधेच कापली म्हणून गेला. आणि एवढ्यावरही थांबला नाहीत. "कोना हात लागना ते देखा ना," म्हणायचात, आणि पुढे काही बोलायचा नाहीत. बोलायची गरजच नव्हती. ऐकणाऱ्याला कळायचं तुम्ही काकूंच्या हाताबद्दल काय म्हणताय. काकूंकडे साखर, मीठ मागायला जाणाऱ्या बायका बंद झाल्या. त्यांची पोरं आमच्या पोरांत खेळेनाशी झाली. वर्ष भरायच्या आत त्यांनी खोली सोडली आणि डिंडोलीला राहायला गेल्या. जाताना त्यांनी धाकट्याच्या गालावरून हात फिरवला, आणि तुम्ही ओट्यावरून बघत होतात. ओट्यावरची रांग एक दिवसही कमी झाली नाही.

म्हणून मी धाकट्याला वर्गात आणते. कामरेजला त्याचं बियाण्यांचं दुकान आहे. दरवर्षी एका सोमवारी तो दुकान बंद ठेवून येतो, स्टुलावर बसतो आणि शर्टाची बाही वर करतो. काठीसारखा बारीक हात. मनगट खाली वाकवलं की बोटं उघडतात, मनगट सरळ केलं की आपोआप मिटतात. पोरं पुस्तकात वाचलेलं समोर बघतात. मग मी सांगते, हे ज्यांनी केलं ते ह्याचे वडील, आणि माझेही. मग फळ्याकडे वळून नाव लिहिते. दरवर्षी त्या क्षणी मला बरं वाटतं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटतं.

मागच्या वर्षी एक मुलगी पुढे आली. डिंडोलीची, मराठी घरातली. म्हणाली, "मॅडम, माझ्या आजीचा खांदा ह्यांनीच बसवला होता. आजी अजून नाव काढते."

मी विचारलं, "हात लावायच्या आधी त्यांनी आजीला विचारलं होतं?"

"ते माहीत नाही मॅडम. पण आजी म्हणते, त्यांच्या हातात जादू होती."

"जादू बघायचीय? ये, जवळ ये," असं म्हणून मी धाकट्याचं मनगट सरळ केलं आणि मिटलेली बोटं धरून उघडली. एरवी उघडते त्यापेक्षा जास्त. ती मुलगी मागे सरकली तरी मी बोटं सोडली नाहीत. माझे डोळे तिच्यावर होते. तिचा चेहरा पडलेला मला बघायचा होता, आणि तो पडलाही. धाकट्याने दातांवर दात दाबले होते, हे मला दुसऱ्या एका पोराने सांगितलं. "मॅडम, भाई को दर्द हो रहा है."

त्या दिवशी धाकटा चहा पिऊन कामरेजच्या बसने निघून गेला. यंदा मी त्याला फोन केला की ह्या सोमवारी वर्ग आहे, तर म्हणाला, "ताई, मी यंदा नाही येत."

"दुकानात काम आहे का?"

"काम काही नाही. नाही यायचं."

"अरे पण पोरांना हात दाखवायला नको? तुझ्यासाठीच तर करते मी हे सगळं."

मागे दुकानात कुणीतरी भेंडीचं बियाणं मागत होतं. मग म्हणाला, "आबांनी बांधलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तूही कधी विचारलं नाहीस. पहिल्या वर्षी नुसतं म्हणालीस, सोमवारी ये. तुला त्यांना बोलायचंय तर बोल ना, पाहिजे तेवढं बोल. माझा हात नको घेऊ त्यासाठी." आणि लगेच विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना.

म्हणून सोमवारी स्टूल रिकामं होतं. मी हाताचं चित्र काढलं, बाण काढले आणि तरीही तुमचं नाव लिहिलं. समोर हात नव्हता, म्हणून पोरांना तो रोग वाटला. मी त्यांची चूक सुधारली नाही. पुढच्या तुकडीलाही मी नाव लिहिणार आहे, आबा. धाकट्याला राग नसेल तर नसो, मला आहे, आणि काकूंच्या वाटचाही मीच धरून ठेवलाय.

एक गोष्ट मात्र मी कुठल्याच तुकडीला सांगितलेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही खात्यात होतात, घरात आम्ही दोघंच होतो. धाकट्याने दुसऱ्या हाताने गाठ दाखवली आणि म्हणाला, "ताई, एवढी सोड ना." कोऱ्या कापडाची साधी गाठ होती, माझ्या नखांनी सहज सुटली असती. मी त्याला म्हटलं, आबांनी बांधलंय ना, मग बरोबरच असेल. तुमची भीती होती म्हणून तसं म्हटलं असं नाही. तुम्ही कधी आमच्यावर हात उगारला नाहीत. मला ते मनापासून खरं वाटत होतं. ओट्यावरच्या त्या रांगेतल्या कुणाहीपेक्षा तुमच्यावर जास्त विश्वास माझा होता. हे पत्र मी धाकट्यालाही दाखवणार नाही. त्याला ती दुपार आठवते, हे मला माहीत आहे. त्याने तिचा विषय अजून एकदाही काढलेला नाही.