मोजणीच्या दिवशी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
२१ जुलै २०२५

सौ. श्रीदेवीस,
अण्णाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुझ्या वहिनीचे गुडघे दुखतात. एमआयडीसीत टॉवेलच्या दोन पाळ्या पुन्हा सुरू झाल्यात. मैंदर्गीला पाऊस झाला का? तूर पेरली का? दिवसातनं तीनदा फोन हातात घेतो नि ठेवून देतो. तुझा आवाज ऐकला की माझी जीभ उचलत नाही, म्हणून कागद घेतला.

नागपंचमी आठ दिवसांवर आली. तुझं लग्न झाल्यापासून दर पंचमीला मी तुला न्यायला आलो, एक वर्ष चुकलो नाही. यंदा सण नाही, पण दुःखातल्या बहिणीला तर माहेरी न्यायलाच पाहिजे. फक्त आधी हे वाच.

तंगी, माझी धाकटी बहीण तू, सिद्धूच्या मातीच्या दिवशी तू मला विचारलंस, "अण्णा, माझी लेक तुझ्या घरी शिकायला ठेवली होती. त्या ट्रकांच्या रस्त्यानं तिला सायकलवर का जाऊ दिलंस?" मी म्हणालो, दुसरी सोय नव्हती. ते खोटं नव्हतं. पण ती सोय होऊ नये म्हणून खटपट करणारा मीच, एवढं मात्र मी गिळलं.

दोन वर्षांमागं स्टेशनपासून एमआयडीसीपर्यंत रस्त्याच्या मधोमध छोटी रेल्वे काढायची बोलणी चालली होती. दोन-तीन डब्यांची, ट्रामसारखी. सभेत साहेब म्हणाले, रूळ जातील तिथं दिवे येतात, फुटपाथ येतो, माणसं उतरतात तिथं दुकानं वाढतात, ट्रकांना वेगळी बाजू मिळते. सगळ्यांनी माना हलवल्या. मला मात्र आपल्या भिंतीवरची लाल खूण दिसायला लागली. मागच्या रुंदीकरणात अशीच खूण करून आपल्या आप्पांचं अर्धं दुकान नेलं होतं की. उरला तो सात फुटांचा ओटा, ज्यावर तुझी वहिनी कडक भाकरी नि शेंगाचटणी विकायची. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं माझं झालं.

रेल्वेआधी रस्त्यावरची माणसं मोजणार होते. गर्दी दिसली तरच पुढचं काम. मी पडलो मुकादम. आदल्या दिवशी पाळीवर सगळ्यांना सांगितलं, दोन दिवस नाक्यावरनं कुणी यायचं नाही, मागच्या पांदीच्या वाटेनं या. शेजारच्या कारखान्यांतल्या मुकादमांनाही गळ घातली. त्यांचीही घरं रस्त्याला लागूनच. कामगारांपैकी कुणी का म्हणून विचारलं नाही. मुकादम सांगतो म्हणजे काहीतरी असेल, अशी आमच्याकडची रीत.

आणि मोजायला कोण बसली होती? आपली सिद्धू. कॉलेजातनं तिला दोन दिवसांचं काम मिळालं होतं. मला कळलं तोवर माझा शब्द सगळीकडं पोचला होता. मागं घेता आला असता. घेतला नाही.

संध्याकाळी जेवताना म्हणाली, "मामा, रस्त्यावर माणूसच न्हाय की. रोज तर सायकलींची रांग असती." मी म्हटलं, कुठला तरी सण असेल. ती माझ्याकडं जरा बघत राहिली. मग म्हणाली, "भाकरी वाढू का अजून?"

रेल्वे बारगळली. ओटा वाचला. मी पेढे वाटले, श्रीदेवी. तूही खाल्लेस.

पुढं मीच तिला आमच्या हापिसात लावलं. माझी पाळी सातची, तिचं काम नऊचं, म्हणून ती तू दिलेल्या सायकलवर एकटीच यायची. हसत म्हणायची, "रेल्वे झाली असती तर सायकल आईला परत धाडली असती." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. सहा जूनला पावणेनऊ वाजता नाक्यावर काय झालं ते तुला ठाऊक आहे. मला लिहवत नाही.

परवा माझ्या हाताखालचा बसवराज घरी आला. खाली मान घालून म्हणाला, "मुकादम, त्या मोजणीच्या दिवशी मी इसरून नाक्यावरनंच आलतो. ताईंनी इचारलं, बाकीचे कुटं हायती? मी सांगून बसलो, तुमच्या मामानंच मागनं यायला सांगितलंय. तर म्हणाल्या, बरं, कुटं बोलू नका, मामाचं नाव येईल."

तिला सगळं ठाऊक होतं, तंगी. त्या संध्याकाळी ती मला विचारत नव्हती. मामा स्वतःहून सांगतो का, ते बघत होती. आणि मी तिला सण सांगितला. त्यानंतर ती रोज त्याच रस्त्यानं गेली, पण मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सायकल पोलिसांनी परत दिली. पुढचं चाक वाकलंय. घरात घ्यायला जीव होत नाही, म्हणून ओट्यावर उभी केलीय. वहिनीनं दुकान बंद केलं. त्या सात फुटांत आता तेवढंच आहे.

पंचमीला सकाळी मी मैंदर्गीच्या स्टँडवर येऊन बसेन. तुझ्या दारात यायचं तोंड मला नाही. तू आलीस तर माहेरी नेईन. नाही आलीस तर संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन, आणि पुढच्या पंचमीला पुन्हा येऊन बसेन.

तुझ्या लेकीनं ज्याचं नाव झाकलं, तो

मल्लिनाथ