खाली म्हणजे कुठे

८ जून

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तू नोकरीवर रुजू होऊन आठवडा झाला. तुझे मासे देवाच्या कृपेने बरे आहेत, म्हणजे पाचांतले चार. पाचवा मात्र टाकीत तू आडव्या ठेवलेल्या कानतुटक्या कपात शिरलाय. तीन दिवस बाहेर नाही, जेवण नाही, नुसते पर हलवतो.

निघताना तू बजावलंस, हे गोबी जातीचे मासे खालीच खातात, वर देऊ नकोस. म्हणून मी आणि तुझ्या बाबांनी टाकी टेबलावरून उतरवून जमिनीवर ठेवली. तरी खातील तर शपथ. खाणं पाण्यावर तरंगतं आणि हे तळाशी बसून माझ्याकडे बघतात. शेजारणीला विचारलं, गोबीला काय घालू, तर म्हणाली, मिरी घाल. डबीतल्या सुक्या अळ्या मी देवाची क्षमा मागून टाकते. त्या वाया गेल्या म्हणजे पापही फुकट.

कपातला गेला तर तुला काय तोंड दाखवू? कप काढून घासू का? लगेच कळव.

तुझी आई

१२ जून

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

टाकी जमिनीवर का गेली ते दोनदा वाचूनही कळेना. मग कळलं आणि ऑफिसात एकटीच हसत बसले. आधी टाकी परत वर ठेव, कुणाचा तरी पाय लागेल. अगं, खाली म्हणजे पाण्याच्या तळाशी. अळ्या भिजव आणि ड्रॉपरने त्यांच्या तोंडापुढे सोड. एकाला दोन-तीनच, पाहुण्यांसारखा आग्रह नको.

कपातला आजारी नसावा. कपाला आतून दाणे चिकटलेत का बघ. ती अंडी. राखण बाप करतो आणि तेवढे दिवस धड जेवत नाही. तसं असेल तर कपाला हात लावू नकोस, टाकीही तूर्त हलवू नकोस.

बाबांना दोन ओळी लिहायला सांग. लोभ माशांपेक्षा माझ्यावर थोडा जास्त असू दे.

तुझी ठमी

१७ जून

चि. ठमीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचत होते. ‘टाकी परत वर ठेव’ इथवर आले आणि आम्ही ठेवलीसुद्धा. पुढचं मग वाचलं. तोवर कप उपडा पडला होता आणि मासा बाहेर राहून दार शोधत होता. तुझे बाबा म्हणाले, हात लावू नका म्हणते ना ती. मी म्हटलं, मग काय बघत बसायचं? शेवटी त्यांनीच बाही सारून चमच्याच्या दांड्याने कप आडवा केला. तो तडक आत. बॅटरी लावून पाहिलं, दाणे शाबूत आहेत. काल ड्रॉपरने एक अळी पुढे केली, ती खाल्ली.

तुझे बाबा हल्ली ताट घेऊन टाकीसमोरच बसतात. दोन ओळी लिहा म्हटलं तर म्हणाले, मला काही लिहायचं नाही, एवढंच विचार, पिल्लं निघून गेल्यावर तो कपात किती दिवस बसून राहतो. मला या प्रश्नाचं काही कळलं नाही. तुला कळला तर उत्तर त्यांच्याच नावाने पाठव.

तुझी आई