माझ्या ‘जा’चं इंग्रजीत ‘ये’ झालं

जेनोव्हा, नोव्हेंबर १९६५

प्रिय तुलिओराव यांस,

एव्हारिस्तोचा सप्रेम नमस्कार. माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त डोकं तापलंय. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला गेला का? (तुमच्याकडे येऊन राहिलेल्या तुमच्या बहिणीची, म्हणजे माझ्या बायकोची, नोएमीची, चौकशी मी मुद्दाम करत नाही. शिवणयंत्र टॅक्सीत घालून जी बाई निघून जाते, तिची प्रकृती उत्तमच असणार.)

तिच्या जाण्यावर मी गाणं लिहिलं, हे तुम्ही जाणताच. ‘जा, यंत्रही घेऊन जा, त्याच्या खडखडाटाने माझी झोप उडायची.’ मानी माणसाचं खणखणीत गाणं. पण आमच्या ओतोरिनोने चाल अशी लावली की ऐकणाऱ्याने रुमालच काढावा. हा माणूस चिडलाय, रडत नाहीये, असं मी त्याला बजावलं. तर म्हणतो, चिडलेल्याच्या पोटात जे असतं ते मी चालीत घातलंय. (संगीतकारांना पोटातलं फार कळतं. ओतोरिनोचं पोट तुम्ही पाहिलंच आहे.) गाण्यांच्या स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत गारद झालो.

मात्र तिथे लंडनची एक गायिका बसली होती. एक अक्षर न समजता ती ओक्साबोक्शी रडली आणि तिच्या व्यवस्थापकाने आमच्या प्रकाशकाकडून गाण्याचे हक्क घेतले. मला वाटलं, आता नीट भाषांतर होईल. कसलं काय! तिकडच्या एका गीतकाराने, ज्याला आपल्या भाषेतली फक्त जेवणाची नावं येतात, माझे शब्द केराच्या टोपलीत टाकले, चाल गुणगुणत बोटांवर अक्षरं मोजली आणि मोटारीतून स्टुडिओत पोहोचेपर्यंत नवंच गाणं रचून टाकलं. ते तिकडे पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलंय. आता आपल्या बंदरावरचे कॉफीवालेही तेच लावतात. माझं मूळ गाणं ऐकवलं तर विचारतात, ही त्या इंग्रजी गाण्याची नक्कल का?

शेवटी एका दुभाष्याला धरून मी अर्थ लावून घेतला. ऐका, तुलिओराव: ‘परत ये, चूक माझीच होती, तुझ्यावाचून घर मुकं झालंय.’ हे मी कधी म्हटलं? तबकडीवर माझं नाव छापून अर्ध्या जगासमोर मला नाक घासायला लावलंय. मी तडक मिलानला प्रकाशकाकडे गेलो आणि माझं नाव काढून टाका, म्हणालो. (आमच्या वडिलांना मी घराण्याचं नाव काढायला हवा होतो, ते असं नव्हे.)

तो शांतपणे म्हणाला, “काढतो. पण एक सांगा, घर मुकं झालंय की नाही?”

मी टोपी घालून उठलो आणि दार आपटलं. काचेचं होतं, म्हणून बेतानेच आपटलं.

असो. तुमच्याशिवाय हे कुणापाशी ओकणार?

आपला अपमानित,
एव्हारिस्तो

ता. क. : नाव मी काढू दिलेलं नाही.

ता. क. दुसरा : सोबत ती तबकडी पाठवतोय. तुमच्या शेजारच्या मास्तरीणबाईंना इंग्रजी येतं ना? नोएमी घरात असताना त्यांना बोलवा, तबकडी लावा आणि सगळा अर्थ त्यांना सावकाश सांगू द्या. शब्द कुणाचे, असं नोएमीने विचारलं तर तुम्ही काही बोलू नका, नुसती तबकडी दाखवा. फक्त माझ्या नावाखाली त्या मोटारवाल्या गीतकाराचं जे नाव आहे, ते तुमच्या अंगठ्याखाली येईल अशी धरा.