लाल अक्षरांतली नावं

तीर्थरूप आईस, तेजोन शहरातून ह्येरानचा वाकून नमस्कार.

सुकी मासळी पोचली. मी वेळेवर जेवते, काळजी करू नकोस.

बातमी म्हणजे, आमच्या विज्ञान ब्लॉगची मी संपादक झाले! बारा लेखक, सगळे माझ्याहून मोठे शास्त्रज्ञ. पहिल्याच दिवशी ज्यांचे लेख रखडले होते, त्यांची नावं मी लाल अक्षरांत लिहून यादी सगळ्यांना पाठवली. अर्ध्या तासात फोन सुरू.

"अगं, जिवंत माणसाचं नाव लाल रंगात लिहितात का? मारतेस की काय आम्हाला?" हे कोण म्हणालं असेल? खगोलवाले नामगुंग सर! गेल्याच महिन्यात त्यांनी अंधश्रद्धेवर लेख लिहिला होता. वर म्हणतात, "लेख वेगळा, माझं नाव वेगळं."

मी पोट धरून हसले आणि नावं निळी केली. संध्याकाळपर्यंत चार लेख आले.

मग तू आठवलीस. पहिलीत असताना मी लाल खडूनं दारावर तुझं नाव लिहिलं होतं. मासे साफ करायचे सोडून तू ओल्या हातांनीच ते पुसलंस. मी रडायला लागले तर म्हणालीस, "मरायला वेळ कुणाला आहे इथं? पण पुसलेलं बरं."

तुझ्या तपासणीचा रिपोर्ट आला का? दादा फोनवर नीट सांगत नाही.

काल मुद्दाम लाल पेन घेऊन तुझं नाव लिहायला बसले. एवढी संपादकबाई, घाबरतेय कशाला? पण हातच चालेना.

पाकिटावर तुझं नाव निळ्या शाईत आहे. दोनदा गिरवलंय.

तुझीच,
ह्येरान